फिरकी आणि नेम

पूल किंवा बिलियर्ड हा खेळ आपल्या घरांतून कॅरमइतका परिचित नाहीं. तथापि शहरांतील जिमखान्यांत व क्लबांत तो पुष्कळ वर्षांपासून खेळला जातो. त्याचाच भाऊबंद जो स्नूकर, तो १८७५ सालीं जबलपूरच्या लष्करी छावणींत जन्मास आला. आणि १९५८ व १९६४ या सालीं हौशी बिलियर्डपटूंचें जगज्जेतेपद मिळविणारे विल्सन जोन्स हे जन्मानें पुण्याचे. तेव्हां हा खेळ अगदींच परका मानण्याचें कारण नाहीं. आज या खेळांतील एकाच प्रश्नाविषयीं मी बोलणार आहें. पांढऱ्या चेंडूस बाजूची फिरकी दिली असतां नेम कां चुकतो, आणि तो धरावा तरी कसा?

कॅरमवर वाढलेल्या हाताची अशी समजूत असते कीं, स्ट्रायकर ज्या दिशेनें ढकलावा त्याच दिशेनें तो जातो. पूलच्या काठीनें पांढऱ्या चेंडूच्या बरोबर मध्यावर टोला दिला, तर ही समजूत तेथेंहि खरी ठरते. परंतु मध्य सोडून उजव्या वा डाव्या अंगास टोला बसला, कीं चेंडू पुढें जातां जातां भोवऱ्यासारखा स्वतःभोंवतीं फिरूं लागतो. या फिरकीला इंग्लंडांत ‘साइड’ म्हणतात, तर अमेरिकेंत ‘इंग्लिश’. काठीच्या टोकास चामड्याची टिकली बसविण्याचें श्रेय मिंगो नांवाच्या एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यास दिलें जातें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींची ही गोष्ट. त्यापूर्वीं नुसतें लांकूड चेंडूवरून घसरून जाई. पुढें १८३५ सालीं कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञानें बिलियर्डच्या चेंडूंच्या गतीवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. भूगोल शिकविणाऱ्यांस हें नांव वाऱ्यांच्या वळणामुळें ठाऊक असतें. पण टेबलावरील चेंडूंचीं वळणेंहि त्यानें तितक्याच गांभीर्यानें अभ्यासिलीं होतीं.

माझा एक जुना विद्यार्थी कचेरी सुटल्यावर हा खेळ खेळत असे. मध्यावर मारलेला त्याचा चेंडू अचूक जाई. पण फिरकी दिली कीं तो हमखास चुके. त्यानें प्रथम काठी बदलली, मग डोळे तपासून घेतले, आणि अखेर आपल्या हातांतच कांहीं उणें आहे असें ठरवून खेळ सोडण्याच्या बेतास आला. डोळे निर्दोष होते व हातहि स्थिर होता. फिरकी दिलेला चेंडू काठीच्या रेषेंत जातच नाहीं, एवढें मात्र त्याला कोणीं सांगितलें नव्हतें. निकोप माणसानें स्वतःस सदोष मानून बसावें, ही गोष्ट शिक्षकाच्या मनाला फार लागते.

चेंडू रेषा कां सोडतो, याचीं कारणें तीन आहेत. उदाहरणापुरती आपण उजवी फिरकीच घेऊं.

पहिलें कारण आघाताच्या क्षणींच घडतें. उजव्या अंगास टोला बसतांच चेंडू फिरूं लागतो व काठीच्या टोकास उजवीकडे रेटतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून चेंडू स्वतः डावीकडे सरकतो. काठीचा टोकाकडील भाग जितका जड, तितकें हें सरकणें अधिक. म्हणूनच हल्लीं टोकाकडे हलक्या केलेल्या काठ्या मिळतात. पण त्यांनीं हा दोष कमी होतो, नाहींसा होत नाहीं. साध्या काठीनें भरपूर फिरकी दिली, तर हा फरक २ अंशांपर्यंत सहज जातो. दोन अंश म्हणजे क्षुल्लक वाटतील. पण हिशेब करून पहा. मीटरभर अंतरावर २ अंशांचे सुमारें ३५ मिलिमीटर होतात, आणि पूलच्या चेंडूचा व्यासच मुळीं सुमारें ५७ मिलिमीटर आहे! म्हणजे हात लवमात्र न हलतां अर्ध्या चेंडूहून अधिक चूक झाली.

दुसरें कारण वाटेंत घडतें. टेबलाची कड आड येत असल्यामुळें काठीचें मागचें टोक थोडें उंच धरावेंच लागतें. त्यामुळें टोला किंचित वरून खालीं बसतो, फिरकीचा आंस कलतो, आणि टेबलावरील कापडाच्या घर्षणानें चेंडू हळूहळू उजवीकडे परत वळतो. टोला मंद असेल तर हें वळण लौकर येतें. जोराचा असेल तर उशिरां येतें, व कित्येकदां तें येण्यापूर्वींच चेंडू लक्ष्यावर आदळलेला असतो.

तिसरें कारण दोन चेंडूंच्या भेटींत आहे. दांत्यांचीं दोन चक्रें एकमेकांस जशीं ओढतात, तसा फिरता पांढरा चेंडू रंगीत चेंडूस स्पर्शाच्या क्षणीं थोडा ओढतो. उजव्या फिरकीनें रंगीत चेंडू डावीकडे ओढला जातो. मंद टोल्यांत ही ओढ अधिक, वेगवान टोल्यांत कमी. आणि चेंडू मळलेले असले तर ती आणखी वाढते.

आतां मौज अशी कीं, हीं तीन कारणें एका दिशेनें काम करीत नाहींत. पहिल्यामुळें पांढरा चेंडू डावीकडे जाऊन रंगीत चेंडूच्या डाव्या गालावर लागतो व त्यास उजवीकडे धाडतो. दुसरें कारण ही चूक भरून काढूं पाहतें. तिसरें तर रंगीत चेंडूस उलट डावीकडे ओढतें. लांबच्या जोरदार टोल्यांत पहिल्याचें राज्य चालतें, जवळच्या मंद टोल्यांत तिसऱ्याचें, आणि लांबच्या मंद टोल्यांत दुसरेंहि आपला वांटा मागतें. म्हणूनच ‘उजवी फिरकी दिली तर अमुक इतका नेम सरकवा’ असा एकच नियम जो सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवूं नये. अंतर, वेग व काठी यांचा उल्लेख नसलेला नियम म्हणजे वजन न सांगतां दिलेला भाव होय.

मग करावें काय? पहिली गोष्ट अशी कीं, फिरकीची गरज आहे काय, हें स्वतःस विचारावें. तिचा खरा उपयोग कडेच्या रबरी गादीवर, म्हणजे कुशनवर, चेंडू आदळल्यानंतर होतो. उजव्या फिरकीचा चेंडू कुशनवर सरळ आदळला तर परततांना उजवीकडे वळतो, आणि पुढच्या टोल्यासाठीं सोईच्या जागीं जाऊन बसतो. जेथें कुशनचा संबंध नाहीं, तेथें बहुधा मध्यावरचा टोलाच पुरतो.

दुसरी गोष्ट, आपल्या काठीची परीक्षा घ्यावी. माझ्या त्या विद्यार्थ्यास मीं एक वही करावयास सांगितली. टेबलाच्या लांबीवर एक चेंडू ठेवावयाचा, त्याच्या बरोबर मध्याकडे काठी रोखावयाची, आणि दहा टोले मध्यावर, दहा उजव्या अंगास, दहा डाव्या अंगास मारावयाचे. प्रत्येक वेळीं चेंडू कोणत्या बाजूस व किती चुकला तें लिहावयाचें. पुढें तोच प्रयोग मंद वेगानें करावयाचा. आठवड्याभरांत वही बोलूं लागली. उजव्या फिरकीची चूक एका बाजूस, डावीची दुसऱ्या बाजूस, आणि दोन्ही जवळजवळ सारख्या! कांपणाऱ्या हाताची चूक अशी शिस्तीनें वागत नाहीं.

तिसरी गोष्ट नेम धरण्याच्या रीतीची. प्रथम मध्यावर मारावयाचें आहे असें समजून काठी रोखावी. मग टेबलावरील हात न हलवितां मागचा हात किंचित डावीकडे न्यावा, म्हणजे टोक आपोआप उजव्या अंगास येतें व काठी थोडी उजवीकडे रोखली जाते. चेंडू डावीकडे सरकणार असतो; या तिरपेपणानें तें सरकणें भरून निघतें. पुढचा हात चेंडूपासून ३० सेंटिमीटरवर असून टोक १० मिलिमीटर सरकलें, तर हा तिरपेपणा सुमारें २ अंशांचा होतो. मात्र पुढचा हात नेमका किती अंतरावर ठेवावा, हें प्रत्येक काठीचें निराळें असतें; तें वहीनेंच ठरवावें. टोकास खडू लावावा, काठी होतां होईल तों आडवी ठेवावी, आणि मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारें १४ मिलिमीटरांहून, दूर जाऊं नये. त्यापलीकडे टोक चेंडूवरून निसटतें.

श्रोतेहो, आपल्या घरांतील एखादा मुलगा ‘माझा नेमच वाईट’ म्हणून खट्टू होऊन बसला, तर त्याला एवढेंच विचारा कीं, चुका लिहून ठेवल्यास काय? ज्या चुकीला दिशा आहे, तिला कारण आहे. आणि ज्या चुकीला कारण आहे, तिच्यावर उपायहि आहे. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.