ओट्यावरचे सूर्यनमस्कार

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'एआय आणि आपली मुलं' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, तीस वर्षांनी भेटतोय, तो विषय राहू दे; जेवणाच्या पंगतीत त्यावर वाद होणारच आहे. मी बोलणार आहे व्यायामावर. पीटीच्या तासाला 'सर, डोकं दुखतंय' म्हणून वर्गात बसणारी मुलगी आज व्यायामावर बोलणार म्हटल्यावर सरांना हसू आलंय, ते मला इथून दिसतंय.

२०२२ साली मला स्तनाचा कर्करोग झाला. उजव्या बाजूला शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या. मग सोळा केमो आणि पंधरा दिवस रेडिएशन. यातलं बरंचसं तुम्हाला ग्रुपवरून माहीत आहे, तुमचे फोनही येत होते. त्यामुळे उपचारांची कहाणी सांगत नाही. ते संपल्यानंतरचं सांगते, कारण त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

शेवटचं रेडिएशन झालं तेव्हा घरी पेढे आले. सगळ्यांच्या दृष्टीनं मी बरी झाले होते. आणि मला सांगलीतल्या आमच्या घराच्या अठरा पायऱ्या चढताना मध्ये बसावं लागत होतं. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नव्हतं. केस विंचरता येत नव्हते म्हणावं, तर केसच नव्हते! वय त्रेचाळीस, आणि सत्तरीच्या सासूबाई माझ्यापेक्षा झपझप चालायच्या.

त्यात घरच्यांचं प्रेम. आईचा साताऱ्याहून रोज फोन, 'पडून राहा गं.' नवरा भाजीची पिशवी हातातून काढून घ्यायचा. मुलगी बाथरूममधली बादली आधीच भरून ठेवायची आणि मग दाराशी उभी राहायची. 'उजव्या हातानं काही उचलायचं नाही' हा तर घराचा कायदाच झाला होता.

हा कायदा घरच्यांनी काढलेला नव्हता. काखेतल्या ग्रंथी काढल्या की हातातलं लसिकाद्रव नीट वाहून जात नाही, हात सुजू शकतो. त्याला लिम्फेडिमा म्हणतात. त्या भीतीनं कित्येक वर्षं जगभरचे डॉक्टरच बायकांना जड उचलू नका, हात जपा, असं सांगत होते. १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरांनी हे तपासायचं ठरवलं. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या चोवीस बायकांना त्यांनी ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. म्हणजे हात आणि खांदे यांचंच काम. एकीलाही त्यामुळे लिम्फेडिमा झाला नाही. पुढे २००९ मध्ये अमेरिकेत कॅथरीन श्मिट्झ यांनी, ज्यांचा हात आधीच सुजलेला होता अशा १४१ बायकांवर अभ्यास केला. निम्म्या बायकांनी आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, तीही हळूहळू वाढवत. वर्षभरात सूज उसळण्याचा त्रास वजनं न उचलणाऱ्या गटात २९ टक्के बायकांना झाला आणि उचलणाऱ्या गटात १४ टक्के. म्हणजे निम्मा. शिवाय ताकद वाढली, ती वेगळीच.

हे मी माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडून ऐकलं, आणि सवयीनं मूळ पेपर काढून वाचलाही. मग त्या आकड्यांची मराठी प्रिंट काढून फ्रिजवर लावली. आईला मात्र आकड्यांपेक्षा फिजिओ बाई 'पुण्याच्या' आहेत याचा जास्त भरवसा वाटला.

सुरुवात इतकी छोटी होती की सांगायला लाज वाटावी. भिंतीसमोर उभं राहायचं आणि उजव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर चालवायची. जिथवर पोचतील तिथे पेन्सिलीनं रेघ. त्याच भिंतीवर मुलीच्या उंचीच्या जुन्या खुणा होत्या. पहिली रेघ तिच्या तिसरीतल्या उंचीवर आली. दुसरी चाचणी खुर्चीची: हाताचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं? माझे झाले सात. मी एक्सेल शीट उघडलं. आमच्या धंद्यात जे मोजत नाही ते सुधारत नाही, असं म्हणतात. इथे तरी ते खरं निघालं.

वजनं म्हणजे आधी पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली, मग तूरडाळीचं एक किलोचं पाकीट. डंबेल्स पुष्कळ नंतर आले. नियम एकच: दोन वेळा काही त्रास न होता जमलं, तरच पुढची पायरी, तीही लहानात लहान. हात जड वाटला, अंगठी घट्ट झाली, तर थांबायचं आणि बाईंना फोन करायचा.

सूर्यनमस्कार मात्र मला जमिनीवर घालता येईनात, हातांवर भार पेलवेना. तेव्हा बाई म्हणाल्या, ओट्याला धरून घाला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तळवे टेकायचे, पाय मागे न्यायचे आणि छाती ओट्याकडे न्यायची. उंची जास्त म्हणून भार कमी. दोन महिन्यांनी ओट्यावरून पलंगाच्या कडेवर आले, मग पाटावर, मग जमिनीवर. आठवतंय, आपली सहल औंधला संग्रहालय बघायला गेली होती? ते उभारणारे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत. संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सुरू केले, त्यांवर मराठीत आणि इंग्रजीतही पुस्तक लिहिलं. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि त्याच संस्थानातली आटपाडी सांगली जिल्ह्यात. म्हणजे माझं माहेर आणि सासर दोन्हीकडे शंभर वर्षांपूर्वी मुलं हेच करत होती. आणि आपण सहलीत फक्त चित्रं बघून बाहेर चिंचा खात बसलो.

चालण्याला सांगली उत्तम. सपाट गाव, चढ म्हणून नाही. विश्रामबागेत वालचंद कॉलेजच्या बाजूनं मी चालू लागले. याच रस्त्यांवर १९९७ ते २००१ सायकल दामटली होती आणि आता मैलकुलीचे दगड मोजावे तसे विजेचे खांब मोजत होते. चार खांब, मग सहा. सहा महिन्यांनी आयर्विन पुलावर जाऊन कृष्णा बघून आले.

तुमच्यापैकी डॉक्टर झालेल्यांना माहीत असेल, पण बाकीच्यांसाठी सांगते. २०२५ च्या जूनमध्ये एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. सहा देशांतले मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण, शस्त्रक्रिया आणि केमो झालेले. निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शकासह व्यायाम दिला, बहुतेकांचा म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपझप चालणं. उरलेल्यांना फक्त माहितीपुस्तिका. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटातले ९०.३ टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले ८३.२. माझा आजार वेगळा, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे माझे नाहीत. पण इतका फरक एखाद्या गोळीनं पडला असता, तर तिची किंमत काय लावली असती, याचा विचार करा.

सगळ्यांना सगळंच लागू नाही, हेही सांगायला हवं. काही केमोंनी हृदयावर परिणाम होतो, काहींची हाडं ठिसूळ होतात, ताप असताना किंवा पेशी घसरलेल्या असताना जोर करायचा नसतो. डॉक्टरांना विचारूनच. फक्त 'व्यायाम करू का?' असं विचारू नका. 'कोणता आणि किती?' असं विचारा.

आता धीराबद्दल. त्या वर्षात मी ऑफिसच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसायचे. घाबरत होते ती टकलाला नव्हे. दमून मध्येच वाक्य तुटेल, याला. तो धीर मला कुणाच्या समजुतीनं आला नाही. २०२४ च्या मे महिन्यात मी सांगलीहून साताऱ्याला एसटीनं एकटी आले. पेठ नाक्याला गाडी बदलावी लागली, गर्दी होती. नऊ किलोची बॅग मी उजव्या हातानं उचलून वरच्या फळीवर टाकली. शेजारचे आजोबा 'द्या पोरी, मी ठेवतो' म्हणेपर्यंत ठेवून झाली होती. पुढच्या सोमवारी कॅमेरा सुरू केला. हे दोन्ही एकमेकांना कसे जोडलेले आहेत, ते मला नीट समजावता येणार नाही, पण जोडलेले आहेत.

भिंतीवरची रेघ आता मुलीच्या उंचीच्या वर आहे. खुर्चीचा आकडा सोळा. दर सहा महिन्यांच्या तपासणीआधी झोप उडते, ती अजून उडतेच. त्यावर व्यायाम चालत नाही.

काल रात्री दोन मैत्रिणींनी मला बाजूला घेऊन काही विचारलं. कुणी ते सांगणार नाही. पण त्या दोघींना इथून सांगते, दुखत नाही म्हणून थांबू नका. सोमवारी जाऊन दाखवा. सोबत हवी असेल, तर मी बुधवारपर्यंत साताऱ्यातच आहे.

आणि उद्या सकाळी साडेसहाला मी चार भिंतींपर्यंत चालत जाणार आहे, जमलं तर पुढे अजिंक्यताऱ्यावरही. थंडी आहे, कानटोपी आणा. गुडघेवाल्यांसाठी वेग कमी ठेवू. सर, तुम्हीही या. तीस वर्षांचा राहिलेला पीटीचा तास माझ्याकडून भरून घ्या.