रस्त्यावरील ओळख



आपल्या भिंगारमधून नगर–पाथर्डी रस्ता जातो. पेठेत समोर मामा किंवा मास्तर दिसताच आपल्या तरुणांच्या गाडीचा वेग आपोआप उतरतो. "आधी तुम्ही व्हा पुढे" असे शब्दही तोंडून निघतात. वस्ती मागे पडली की तोच सुस्वभावी मुलगा अनोळखी वृद्धेवर भोंगा वाजवितो.

नेदरलँड्समधील ड्राख्टन गावी, या शतकाच्या आरंभी, हान्स मॉन्डरमन यांच्या योजनेने एका गजबजलेल्या चौकातील दिवेच काढले गेले. माणसे परस्परांच्या नजरेकडे पाहून वाट देऊ लागली. (येथे दिवे काढा, असे माझे म्हणणे नाही!)

परवा रस्ता ओलांडण्यासाठी खोळंबलेल्या एका आजींनी मला विचारले, "बाबा, यांत आपल्या भिंगारचा कोण आहे?"