परकी विद्या आणि आपली कला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चारचौघींपुढे बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने जपानी भाषा शिकायचे काढले आणि मी साफ नाही म्हटले. परकी विद्या शिकली की मुलगी घराला परकी होते, ही माझी भीती. ती भांडली नाही. तिने मला जपानातल्या दोन बायकांची हकीगत वाचून दाखवली.

पहिल्या आतोमी काकेईबाई. या चित्रकर्त्री. त्यांनी १८७५ साली तोक्योत मुलींची शाळा काढली. तिथे भाषा, चिनी ग्रंथ नि गणित तर होतेच. पण चित्रकला, सुलेखन, शिवण, कोतो हे तंतुवाद्य, फुलांची मांडणी आणि चहाचा विधी हेही विषय होते. हा चहाविधी पूर्वी मुख्यतः पुरुषांची कला. पाहुण्याला आदराने चहा देणे, तीही तेथे विद्याच!

दुसऱ्या त्सुदा उमेको. १८७१ साली जपान सरकारने पाच मुली अमेरिकेस शिकायला धाडल्या. त्यांत ही सर्वांत धाकटी, वय अवघे सहा. अकरा वर्षांनी परतली, ती मातृभाषा विसरून!

"बघ, मी म्हणत नव्हते?" मी म्हटले.

"आई, पुढे ऐक गं," लेक म्हणाली.

उमेकोबाई आपली भाषा पुन्हा शिकल्या. १९०० साली दहा मुलींना घेऊन त्यांनी इंग्रजीची शाळा काढली. तिचेच पुढे महिला विद्यापीठ झाले. २०२४ साली निघालेल्या पाच हजार येनच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. आपल्या अण्णासाहेब कर्व्यांनीही तोक्योच्या एका महिला विद्यापीठाची माहिती वाचून स्फूर्ती घेतली आणि १९१६ साली पुण्यास महिला विद्यापीठ उभारले. मग मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

मी होकार दिला. पण त्या रात्री झोप लागेना. लेक परकी होईल म्हणून अडवणारी मी. पण आईकडून मला मिळालेली ठिपक्यांची रांगोळी, कशिदा, जात्यावरच्या ओव्या यांतले मी तिला काय दिले होते? काहीच नाही. मग दोष परक्या विद्येचा कसा?

आता रविवारी दुपारी ती मला जपानी अक्षरे गिरवायला लावते आणि मी तिला ओव्या सांगते. तिची रांगोळी अजून वाकडी येते, माझी अक्षरेही!

मंडळाने असाच एक वर्ग काढावा. मुलींनी आपल्याला नवे शिकवावे, आपण त्यांना आपले द्यावे. एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.