आक्का आधी हसल्या

परवा इंदापूरला आमच्या बचत गटाच्या बैठकीत शि. द. फडणिसांच्या चित्रांचं पुस्तक हातोहात फिरलं. एकीनं ते बारामतीहून आणलं होतं. त्यात 'मोहिनी' मासिकाचं १९५२ सालचं मुखपृष्ठ निघालं. मुलीच्या साडीवर मांजरं, मुलाच्या शर्टावर उंदीर! आम्ही शिकलेल्या बाया खाली काय लिहिलंय ते शोधत बसलो. शाळेची पायरी न चढलेल्या आमच्या सत्तरीच्या आक्का मात्र खळखळून हसल्या. म्हणाल्या, "पोराचं आता काय खरं नाय गं!"

एरवी त्या 'मला अडाणीला काय कळतंय' म्हणत कोपऱ्यात बसतात. त्या दिवशी पानं त्यांनीच उलटली आणि आम्हाला समजावून सांगितली.

फडणीस १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मले, मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, पुढे पुण्यात राहिले. त्यांची बहुतेक हास्यचित्रं बिनशब्दांची. हसवतात, पण कुणाला बोचत नाहीत. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांची चित्रं होती. आमच्यातल्या काहीजणींची गणिताची धास्ती त्यांनीच घालवली.

तेव्हा सख्यांनो, असं पुस्तक घरी आलं, तर पहिल्यांदा आजीच्या हाती द्या. वाचता येत नाही म्हणजे समजत नाही, असं नसतं.