बागेत नाव विचारत नाहीत



कंपनीच्या कामासाठी मी काही महिने शांघायला होतो. तिथल्या फूशिंग पार्कमध्ये रोज सकाळी माणसं घोळक्यानं ताई-ची करतात. ना फी, ना नोंदणी, ना गणवेश. पुढची आजी हात फिरवेल तसा मागच्यांनी फिरवायचा. मी कडेला उभा होतो. तिनं खुणेनंच बोलावलं. नाव, धर्म, देश कुणी विचारला नाही.

बहुतेकांचा तो २४ हालचालींचा प्रकार चीनच्या क्रीडा आयोगानं १९५६ मध्ये सर्वसामान्यांसाठी बसवला. चीगोंगमधलं ‘बादुआनजिन’ त्याहून सोपं : आठच व्यायाम, श्वासाच्या लयीत.

पण भाबडेपणा नको. चीगोंगच्या लाटेतूनच वाढलेल्या फालुन गोंगवर १९९९ मध्ये तिथल्या सरकारनं बंदी घातली. नुसती बाग असून भागत नाही. तिथं निर्धास्त जमण्याचा हक्कही लागतो.

माझ्या अम्मीला तो हक्क संविधानानं दिलाय. तरी गुडघे दुखतात म्हणून ती गच्चीवर फेऱ्या मारते. बाग पाच मिनिटांवर आहे. विचारलं तर म्हणते, “लोगां क्या बोलेंगे?” हे लोक म्हणजे आपणच की!

गेल्या रविवारी ती आली. मागून शेजारच्या दोघी आल्या, एक बुरख्यात, एक साडीत. आठांतले तीन व्यायाम जमले, बाकी हसण्यात गेले.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता घरच्या बायकांनाही घेऊन या. नाव नोंदवायची गरज नाही.