एका रात्रीत एकशे दहा

मार्चमधल्या अमावास्येच्या आसपास एक गंमत जमते. दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत दुर्बिणीशी जागलं, तर मेसिएच्या यादीतले सगळे ११० तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका एकाच रात्रीत पाहता येतात. शार्ल मेसिए अठराव्या शतकात पॅरिसमध्ये धूमकेतू शोधायचा. धूमकेतूसारखेच धुरकट दिसणारे, पण जागचे न हलणारे ठिपके त्याला सारखे चकवायचे. पुन्हा फसायला नको, म्हणून त्यानं त्यांची यादीच केली. म्हणजे त्यानं टाळायला लिहून ठेवलेलं आम्ही झोपमोड करून बघतो!

गेल्या वर्षी मावळात एका मित्राच्या शेतावर आठ इंची दुर्बीण लावली. बॅटरीला लाल जिलेटिन, मांडीवर यादी. सुरुवातच वाईट झाली. एम ७४ ही मीन राशीतली दीर्घिका संधिप्रकाशातच पकडावी लागते, आणि पश्चिमेला कुणीतरी राब भाजत होतं. धुरात दीर्घिका गेली. मग मात्र देवयानी, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ असं भराभर उरकत गेलो. उरकत हाच शब्द खरा. मृगापाशी दोन मिनिटंही थांबलो नाही, याची अजून लाज वाटते.

मध्यरात्री कन्या राशीत शिरलो आणि वाट चुकलो. तिथं दीर्घिकांची नुसती दाटी. दुर्बिणीला मोटर नाही. नकाशात डोकं घालून वर पाहावं, तो ठिपका सरकलेला. एकच दीर्घिका दोनदा मोजली. एम ८७ मात्र पक्की सापडली. जिच्या पोटातल्या कृष्णविवराचं चित्र २०१९ मध्ये जगानं पाहिलं, ती माझ्या दुर्बिणीत कापसाच्या बोंडाएवढी.

मित्राचे वडील घोंगडी पांघरून बांधावर आले. "काय गावलं का रं?"

मी सप्तर्षी दाखवले. ते म्हणाले, "ही म्हातारीची बाज. अन् मागं तीन चोर." शेवटच्या चोराजवळच्या एम ५१ वर मी दुर्बीण रोखली. त्यांनी डोळा लावला. "काय बी न्हाय."

"सरळ नका बघू, अण्णा. नजर जरा बाजूला ठेवा."

बराच वेळ ते वाकून उभे. मग हळूच म्हणाले, "हाय. धुराचं दोन गोळं हायेत." दोन दीर्घिका एकमेकींना ओढताहेत, प्रकाश कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालाय, वगैरे मी सांगत बसलो. पंधरा मिनिटं गेली.

पहाटे वृश्चिक, धनू झपाझप झाल्या. एम ३० क्षितिजावर यायच्या आत पूर्व उजळली. दवानं ओल्या झालेल्या कागदावरच्या खुणा मोजल्या. १०३.

अण्णा चहा घेऊन आले. "त्यो चोराजवळचा धूर लिवलास का?"

यादी पाहिली. एम ५१ पुढं खूणच नव्हती.