सुटींतलें जेवण, सुटींतला खेळ



सुटी हा शब्द उच्चारला कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें आजोळ उभें राहतें. माजघरांत घातलेली आंब्यांची अढी, दुपारीं ओसरीवर रंगलेला पत्त्यांचा डाव आणि रात्रीं अंगणांतल्या अंथरुणावर चांदण्या मोजतां मोजतां लागलेली झोप. शाळा बंद झाली म्हणजे मुलांना कांहींतरी अधिक मिळावयाचें, अशी आपली समजूत असते. शाळा बंद झाली म्हणजे दुपारचें जेवण नाहींसें होतें, ही कल्पना सुस्थित घरांतील माणसाला सहसा सुचत नाहीं. आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो इंग्लंडमधला आहे. परंतु त्याचें मूळ ह्या एवढ्याशा विसंगतींत आहे.

इंग्लंडांत उन्हाळ्याची सुटी सुमारें सहा आठवड्यांची असते. जुलैच्या अखेरीस ती सुरू होते आणि सप्टेंबरच्या आरंभीं संपते. गरीब कुटुंबांतील मुलांना तेथें शाळेंत दुपारचें जेवण फुकट मिळतें. आतां एखाद्या आईचा हिशेब मांडून पाहा. दोन मुलें, आठवड्याचे शाळेचे पांच दिवस, आणि सहा आठवडे. म्हणजे साठ जेवणें. जूनमध्यें हीं साठ जेवणें तिच्या खर्चांत नव्हतीं, ऑगस्टमध्यें तीं आलीं. आणि मिळकत मात्र होती तेवढीच राहिली. त्यांतून ती कामावर जाणारी असेल, तर मुलांकडे कोणीं पाहावयाचें हा दुसरा प्रश्न. सुखवस्तु घरचीं मुलें समुद्रकांठीं जातात, पोहण्याच्या, नाटकाच्या, घोड्यावर बसण्याच्या वर्गांना जातात. ह्या बाईचीं मुलें सहाव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत खिडकीशीं बसतात. सप्टेंबरांत बाई विचारतात, "सुटींत काय काय केलें तें लिहा." त्या निबंधाला किती मुलें भीत असतील!

ही गोष्ट इंग्रजांच्या ध्यानांत अलीकडेच आली असें मात्र नाहीं. यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड हें लोकरीच्या गिरण्यांचें शहर. १९०६ सालीं पार्लमेंटनें शाळेंतील उपाशी मुलांना जेवूं घालण्याची मुभा स्थानिक संस्थांना दिली, आणि पुढच्याच वर्षीं ब्रॅडफर्डच्या शाळाखात्याचे डॉक्टर राल्फ क्रॉली व पाकशिक्षणाच्या अधीक्षिका मिस मेरिअन कफ यांनीं मिळून एक प्रयोग केला. अत्यंत गरीब घरचीं चाळीस मुलें त्यांनीं निवडलीं. १७ एप्रिलपासून २४ जुलैपर्यंत त्यांना सकाळची न्याहारी आणि दुपारचें जेवण दिलें, आणि वेळोवेळीं त्यांचीं वजनें केलीं. न्याहारीला ओटची लापशी, दूध आणि काकवी. मेजावर कापड अंथरलेलें, त्यावर फुलें ठेवलेलीं, आणि वाढावयास शाळेंतल्याच मोठ्या मुली. मला ती फुलांची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिच्याकडे मी पुन्हां येणार आहें. मुलांचीं वजनें वाढूं लागलीं. पण मध्येंच व्हिटसनच्या सणाची सुटी आली, जेवण बंद झालें, आणि आलेखाची चढती रेषा चटकन् खालीं वळली. शाळा उघडली तशी ती पुन्हां वर चढूं लागली. सुटी म्हणजे काय, हें त्या वांकड्या रेषेनें जितकें स्पष्ट सांगितलें तितकें एखाद्या मोठ्या ग्रंथानेंही सांगितलें नसतें. तरीसुद्धां शाळा बंद असलेल्या दिवशीं मुलांना जेवण देण्याचा स्पष्ट अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला तो १९१४ च्या कायद्यानें.

त्याच १९०७ सालीं दुसरी एक घटना घडली. लंडनच्या टॅव्हिस्टॉक प्लेसमध्यें मिसेस हंफ्री वॉर्ड या प्रख्यात कादंबरीकर्त्रीनें गरीब वस्तीसाठीं एक सेवाकेंद्र चालविलें होतें. शाळा सुटल्यावर मुलांनीं रस्त्यावर न भटकतां येथें यावें, खेळावें, गावें, अशी तेथें सोय होती. १९०२ च्या उन्हाळ्यांत तिनें तेथें सुटीची शाळा उघडली. पुस्तकें नाहींत, परीक्षा नाहीं. चित्रें, गाणीं, सुतारकाम, शिवणकाम आणि खेळ. इंग्लंडमधील ही पहिली सुटीची शाळा मानली जाते. पुढें १९०७ च्या शिक्षणविषयक कायद्यांत, अशा सुटीच्या शाळा व खेळाचीं केंद्रें चालविण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना देणारें कलम तिच्याच खटपटीनें घातलें गेलें. गंमत अशी कीं, हीच बाई स्त्रियांना पार्लमेंटचा मताधिकार मिळूं नये म्हणून चाललेल्या चळवळीची पुढारी होती! बायकांनीं राज्यकारभारांत पडूं नये असें सांगतां सांगतां तिनें स्वतः पार्लमेंटकडून एक कलम करून घेतलें. माणसें आपल्या मतांपेक्षां मोठीं असतात तीं अशीं.

आतां ह्या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. जेवण एका कायद्यांत, खेळ दुसऱ्या कायद्यांत. जेवणाची काळजी डॉक्टरांना, खेळाची काळजी कादंबरीकर्त्रीला. एकाच मुलाचें पोट एका खात्याकडे आणि मन दुसऱ्या खात्याकडे, अशी ही वाटणी झाली. आणि इंग्लंडला ती सांधावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

ती कशी सांधली गेली तें थोडक्यांत सांगतों. वेल्समधील कार्डिफ शहरानें २०१५ सालीं, उन्हाळ्यांत शाळेच्याच इमारतींत खेळ, शिक्षण आणि जेवण एकत्र देण्याचा उपक्रम सुरू केला. इंग्लंडच्या शिक्षणखात्यानें २०१८ पासून निवडक भागांत तसेच प्रयोग केले. पण जनतेचें लक्ष वेधलें तें २०२० सालीं, महामारीच्या वर्षीं. मॅंचेस्टरच्या विदेनशॉ भागांत वाढलेला मार्कस रॅशफर्ड हा तरुण फुटबॉलपटू स्वतः लहानपणीं शाळेच्या फुकट जेवणावर वाढलेला. त्यानें जूनमध्यें पार्लमेंटच्या सभासदांना उघडें पत्र लिहिलें, आणि दुसऱ्याच दिवशीं सरकारनें आपला निर्णय बदलून त्या उन्हाळ्यासाठीं जेवणाचीं कुपनें देण्याचें मान्य केलें. ऑक्टोबरमध्यें पुढील सुट्यांसाठीं तसाच ठराव आला, तेव्हां तो २६१ विरुद्ध ३२२ मतांनीं फेटाळला गेला. नोव्हेंबरमध्यें सरकार पुन्हां वळलें, आणि २०२१ सालासाठीं २२ कोटी पौंड मंजूर होऊन ही योजना इंग्लंडभर लागू झाली. पैसा शिक्षणखात्याचा, काम स्थानिक कौन्सिलांचें. २०२५ च्या ऑगस्टमध्यें पुढील तीन वर्षांसाठीं सुमारें ६० कोटी पौंडांची घोषणा झाली.

योजनेची रीत अशी. ज्या मुलांना शाळेंत फुकट जेवण मिळतें, त्यांना उन्हाळ्यांत चार आठवडे, ईस्टरला एक आणि नाताळांत एक आठवडा, आठवड्यांतून चार दिवस, दिवसाचे चार तास एखाद्या केंद्रांत जातां येतें. केंद्र शाळेच्या दिवाणखान्यांत असेल, चर्चच्या किंवा मशिदीच्या आवारांत असेल, पोहण्याच्या तलावाशीं असेल किंवा एखाद्या फुटबॉल क्लबाच्या मैदानावर. तेथें रोज अंगमेहनतीचा खेळ हवा, नवें कांहींतरी करावयास मिळालें पाहिजे, आणि शाळेच्या जेवणाचे जे नियम आहेत त्यांना धरून निदान एक जेवण हवें. कोणी मुलगा पहिल्यानेंच गाजर सोलतो, कोणी ढोल वाजवावयास शिकतो, कोणी मुलगी आयुष्यांत पहिल्यांदा होडींत बसते. कौन्सिल बहुतेक ठिकाणीं हें सारें स्वतः करीत नाहीं. वस्तींतल्या लहानमोठ्या संस्थांना पैसे देते आणि देखरेख ठेवते. ह्यांतच योजनेचें बळ आहे. वस्तींतला क्रिकेट शिकविणारा तरुण आईबापांच्या ओळखीचा असतो. साहेबाच्या कचेरींतून आलेल्या पत्रकापेक्षां त्याच्या शब्दाला वजन अधिक.

आतां फुलांकडे परत येतों. आमच्या शाळेंत नादारी मिळालेल्या मुलांचीं नांवें दर सहामाहीला भर वर्गांत मोठ्यानें वाचीत असत. त्यांत दुष्टपणा नव्हता. तशी वहिवाटच होती. माझ्या शेजारीं बसणारा मुलगा हुशार होता, गणितांत माझ्यापुढें होता. नांवें वाचण्याचा दिवस आला कीं तो हटकून आजारी पडे. मास्तर त्याच्या गैरहजेरीची खूण करीत आणि मग त्याचें नांव वाचीत. फी माफ झाली. पण ती माफी त्याला किती महाग पडत होती, हें मला फार उशिरां कळलें. शिक्षा झाली तर मुलें चार दिवसांत विसरतात. ही गोष्ट मात्र तो मध्यम वयाचा झाल्यावरही विसरला नव्हता, हें मला त्यानेंच सांगितलें.

म्हणून सुटीच्या ह्या वर्गांचें माझ्या दृष्टीनें खरें मर्म जेवणाच्या ताटांत नाहीं. तें ताट खेळाच्या आड ठेवण्यांत आहे. नुसतें जेवण वांटण्याचें केंद्र उघडा, त्याच्या दारांत उभें राहणें म्हणजे आपली गरिबी दाखविणें होय. पुष्कळ मुलें, विशेषतः मोठीं, उपाशी राहतील पण तेथें येणार नाहींत. तेंच फुटबॉलचें केंद्र उघडा, आणि खेळून दमलेल्या सगळ्यांनाच एक वाजतां जेवावयास बसवा. मग कोण कशासाठीं आला हें कोणी विचारीत नाहीं. जेथें पैसे भरून येणारीं मुलें आणि फुकट येणारीं मुलें एकाच रांगेंत बसतात, तीं केंद्रें मला सर्वांत शहाणीं वाटतात. ब्रॅडफर्डच्या मेजावरचीं फुलें ह्याच शहाणपणाचीं होतीं.

योजनेंत उणीवा आहेत, आणि त्या लहान नाहींत. उन्हाळ्यांतील तीस कामाच्या दिवसांपैकीं सोळा दिवसांचीच सोय होते. सत्राच्या मधल्या आठवडाभराच्या सुट्या तर हिशेबांतच नाहींत. चार तासांचा वर्ग आठ तास काम करणाऱ्या आईला कितपत उपयोगी पडणार? जेवणासाठीं २०१८ पासून लावलेली मिळकतीची मर्यादा वर्षाला ७,४०० पौंड होती. आठ हजार मिळविणारी बाई श्रीमंत ठरली. ही मर्यादा सप्टेंबर २०२६ पासून शिथिल करण्याचें सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें. कौन्सिलांना पैशाचा कांहीं भाग इतर गरजू मुलांवर खर्चण्याची मोकळीक होती, तिचा चतुराईनें उपयोग करणाऱ्या कौन्सिलांनीं हें अंतर थोडेंसें भरून काढलें.

आणि येतात किती? २०२१ च्या उन्हाळ्यांत सहा लाखांवर मुलें आलीं. त्या वर्षीं फुकट जेवणाला पात्र असलेलीं मुलें सतरा लाखांहून अधिक होतीं. आलेल्यांपैकीं प्राथमिक वयाचीं जवळजवळ पांच लाख, आणि माध्यमिक शाळांतलीं सव्वा लाखाच्या आंतच. चौदा वर्षांच्या मुलाला रंगीत कागद कापावयास बसविलें तर तो दुसऱ्या दिवशीं येणार नाहीं. त्याला गाणीं ध्वनिमुद्रित करावयाचीं असतात, सायकल दुरुस्त करावयाची असते, आणि मुख्य म्हणजे लहान मुलांत बसावयाचें नसतें. कांहीं ठिकाणीं त्यालाच लहानांचा म्होरक्या केलें जातें. हा उपाय मला नामी वाटतो. ताट घेण्यापेक्षां ताट वाढतांना मान ताठ राहते; ब्रॅडफर्डच्या त्या मोठ्या मुलींना हें ठाऊक असलें पाहिजे.

आपल्याकडेही ह्या प्रश्नाचा अर्धा भाग न्यायालयापुढें येऊन गेला आहे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २००४ मध्यें असा हुकूम दिला कीं, दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुटींतही शाळेंतील दुपारचें जेवण चालू राहावें. मराठवाड्यांतल्या एखाद्या टंचाईच्या गांवीं मे महिन्याच्या दुपारीं शाळेची चूल पेटावी, ही मोठीच गोष्ट आहे; तिचें मोल मी कमी करीत नाहीं. पण त्या दुपारचें चित्र डोळ्यांपुढें आणून पाहा. मुलें थाळी घेऊन येतात, खिचडी खातात, आणि थाळी धुऊन परत जातात. व्हरांड्यांत सावली असते. वर्गाच्या कपाटांत गोष्टींचीं पुस्तकें असतात, चेंडू असतो, कॅरमची फळी असते. कपाटाची किल्ली गुरुजींबरोबर सुटीवर गेलेली असते.